आधी शिराझ, मग विषय

३ मार्च, रविवार
काल तिने स्पष्टच सांगितलं. ती ज्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते, ते तिला दुसऱ्या शहरातल्या शाखेत पाठवत आहेत. हो की नाही, ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे. मी तिच्या बाबांकडे आमच्या लग्नाचा विषय काढला, तर ती 'नाही' असं कळवेल. मी म्हटलं, बोलतो. पुन्हा म्हटलं, नक्की बोलतो.

मात्र असं उठून जाऊन बोलणं बरं दिसत नाही. बाबा जन्मभर जहाजावर इंजिनियर होते. दर शनिवारी संध्याकाळी ऑस्ट्रेलियन रेड वाइन घेतात, तीही स्वस्तातली. महागडी घेणाऱ्याला ते मूर्ख समजतात. म्हणजे वाट तिथूनच आहे. वाइनवर गप्पा रंगल्या की लग्नाचा विषय आपोआप निघेल.

संकल्प: वाइनचा आस्वाद घ्यायला शिकणे. आजवर कधी प्यायलेलो नाही, पण माझ्याकडे शिस्त आहे.

५ मार्च
शिराझ नावाची रेड वाइन आणली. (काही जण 'शिराज' लिहितात. बाटलीवर शेवटी झेड आहे, तेव्हा झ.) बूच काढायचा स्क्रू आधीच घेऊन बटाट्यावर सराव केला होता. बाटलीला बूचच नाही. खोकल्याच्या औषधासारखं फिरकीचं झाकण. बनावट माल म्हणून परत नेली. दुकानदार म्हणाला, ऑस्ट्रेलियाची बहुतेक अशीच येते, हवं तर बूच वेगळं देतो, खिशात ठेवा. गिऱ्हाइकं हसली. मी हसण्यावारी नेलं नाही. चौकशी करणं हे ग्राहकाचं कामच आहे.

६ मार्च
पहिला घोट. उत्तम. ताई म्हणाली, एरंडेल घेतल्यासारखं तोंड झालंय. तो एकाग्रतेचा भाव होता. भावोजींनी बाटली हुंगून, जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं विचारलं. त्यांच्या घरात राहतो म्हणून ऐकून घेतलं.

रंगाच्या दुकानात शेड मिसळून देणं हे माझं काम, त्यामुळे नजर पक्की आहे. ग्लास शेड कार्डापुढे धरला. 'जुनी वीट' आणि 'गर्द जांभूळ' यांच्या मधला. बाबांना सांगायचं.

९ मार्च, शनिवार
गेलो. बाबांनी स्वतः ओतली. विटेचं आणि जांभळाचं सांगितलं. ते म्हणाले, आणखी काही? मी म्हटलं, शेवटी किंचित मिरी लागते. ते म्हणाले, मनात काही असलं तर मोकळेपणाने बोला. मी वाइनमधल्या तुरटपणाविषयी, म्हणजे टॅनिनविषयी, मोकळेपणाने बोललो. छाप पडली. पुढच्या शनिवारीही बोलावलं आहे. विषय आजच काढणं उतावीळपणाचं झालं असतं.

१२ मार्च
तिचा फोन. काय झालं? मी म्हटलं, सगळं सुरळीत आहे. लग्नाचं काय झालं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आधी शिराझ, मग विषय. फोन कट झाला. नेटवर्क खराब असावं.

१६ मार्च, शनिवार
आज बाटली कॅबरने सोविन्यॉची. बाबा घसा खाकरून म्हणाले, मुलगी आता मोठी झाली. मी म्हटलं, हीसुद्धा दोन-चार वर्षं ठेवली तर मोठी होईल. ते उठून स्वयंपाकघरात गेले. आत तिच्या आईशी काही बोलणं झालं. वाइनबद्दलच असणार.

२१ मार्च
ताई म्हणते, नमनालाच घडाभर वाइन चाललीय तुझी. भावोजी म्हणाले, घडा कसला, पिंप म्हण. यांना पद्धत कळत नाही. भिंतीला आधी घासकाम, मग लांबी म्हणजे पुट्टी, मग प्रायमर. रंग शेवटी.

२३ मार्च, शनिवार
आज बोलायचंच ठरवून गेलो होतो. बाबांनी तिला आणि आईला फिरायला पाठवलं. टीव्ही बंद केला. दुसरी बाटली उघडली आणि हाताची घडी घालून बसले. मी ग्लास गोल फिरवला. जरा जास्त फिरला. शर्टावरचा डाग मिठाने निघेल की नुसत्या पाण्याने, यावर मी सविस्तर मत मांडलं. ते मान डोलवत होते. एकंदर मोकळं वातावरण. पुढच्या शनिवारी नक्की.

२९ मार्च
ती दुकानात आली. मी मशिनवर डबा हलवत होतो, आवाज मोठा. ओरडून सांगितलं की उद्या शनिवार, उद्या होईलच. ती म्हणाली, राहू दे. माझ्यावर किती विश्वास आहे.

३० मार्च, शनिवार
वेळेवर पोचलो. ती घरी नव्हती. सकाळच्या गाडीने गेली. सोमवारी नव्या शाखेत हजर व्हायचं आहे. बाबांनी ग्रेनाशची बाटली उघडली, पण ओतली नाही.

म्हणाले, "मला एक ग्लास पुरतो रे. बाटली उघडली की माणूस मोकळा होतो, म्हणून तुझ्यासाठी उघडत होतो."

आज प्रथमच अरे-तुरे केलं. परकेपणा गेला म्हणायचा. भरलेली बाटली मलाच दिली आणि सांगितलं, आता दर शनिवारी यायची तसदी घेऊ नकोस. माझ्या वेळेची त्यांना काळजी आहे.

घरी येऊन एकट्याने एक ग्लास घेतला. ताईने माझं ताट झाकून ठेवलं, भावोजींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

किमतीच्या मानाने फारच छान. आज पहिल्यांदा खरंच आवडली.