पहिल्या रांगेत करामतची जागा

करामत, घरामागे मसजिद असताना तू अकरा महिन्यांपासून फजरच्या, पहाटेच्या नमाजेला मोटरसायकलवर कन्हानच्या मसजिदीत जातोस. पेट्रोल तुझं आहे. पण मोहल्ल्यातल्या बाया मले विचारतात, "मोठा कुठं गेला वं?" म्हणून हा कागद.

मी, हलीमाबी शेख गफूर, वय ७८, शिक्षण मराठी दुसरी, धंदा विड्या वळणे, राहणार कामठी रोड, नागपूर, लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सुनेच्या भाजीत मीठ दोनदा पडलं हे एका घासात ओळखलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारा एकच होता, तो कबरस्तानात आहे.

१. दोन खोल्या व अंगण माझे दोन मुलगे, करामत व नियाज, यांना शरीयतीप्रमाणे सारखे. इथं माझ्या रागाचा हात पोचत नाही, हे करामतचं नशीब.

२. मालाचा तिसरा हिस्सा मले मर्जीनं देता येतो. बँकेतली बचत त्यात बसते. ती मसजिदीत बायांच्या नमाजेची खोली करायला द्यावी. हुजूर पैगंबरांच्या काळात बाया मागच्या रांगेत उभ्या राहत. आमच्या कमिटीनं जनरेटरले खोली दिली, बाईले जागा नाही म्हणते.

३. विडीची कैची नियाजच्या बायकोला. जीभ तिची स्वतःची आहे, जोडी जमेल.

४. आता मुद्दा. जुने इमामसाहेब गेले. नियाज हिंगण्याच्या कारखान्यात असला तरी कुराण त्याले पूर्ण पाठ, म्हणून कमिटीनं त्याले नमाज पढवायला पुढं उभं केलं. करामत म्हणाला, "अम्मी, ज्याचं नाक मी पुसलं त्याच्या मागं उभा राहू?" मी म्हटलं, "नाक पुसून कुराण पाठ होते काय गा?" तेव्हापासून कन्हान.

माझे अब्बा कामठीत अजान देत, भोंग्याच्या आधी. ते सांगत, मदिन्यात मसजिद झाली, खजुराच्या खोडांचे खांब, फांद्यांचं छत. लोकांले एका वेळी बोलवायचं कसं? कोणी म्हणे शिंग फुंका, कोणी म्हणे घंटा वाजवा. शेवटी माणसाचा आवाज ठरला. बोल एका साथीदाराले स्वप्नात मिळाले, पण हाक द्यायचं काम बिलालले मिळालं, कारण गळा त्याचा चांगला. बिलाल गुलामीतून सुटलेला. त्यानं बोलवावं आन् मोठ्या घरच्यांनी उठून यावं. जो आधी येईल तो पुढं. चौदाशे वर्षं ही रांग दिवसातून पाच वेळा मोडते आन् पुन्हा लागते. विडी कारखान्याच्या मालकानं मले कधी शेजारी बसवलं नाही. जुम्म्याच्या नमाजेले मात्र तोच माझ्या हमाल नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. मी दारातून पाहिलं आहे. एवढं काम कोणत्या सरकारनं केलं नाही.

आन् करामत, हे ऐक. एकदा सफरीत हुजूरले फजरला उशीर झाला. लोकांनी साथीदार अब्दुर्रहमान बिन औफ यांना पुढं करून नमाज सुरू केली होती. हुजूर आले आन् त्यांच्या मागं उभे राहिले. सुटलेली रकात, म्हणजे नमाजेचा एक फेरा, नंतर स्वतः पुरी केली. तू त्यांच्यापेक्षा मोठा काहून?

५. माझ्या जनाज्याची नमाज नियाजनं पढवावी, ही माझी इच्छा आहे. हुकूम नाही, कारण हा हक्क मोठ्या मुलाचा, आन् माझ्या कागदानं तो हटत नाही. इजाजत करामतनं द्यायची. नियाजच्या मागं, पहिल्या रांगेत, त्याची जागा धरून ठेवावी. गुडघ्याचं कारण चालणार नाही. या नमाजेत वाकायचं नसते.

ठिकाण नागपूर, दि. १४ नोव्हेंबर २०२४.
सही: हलीमाबी
साक्षीदार: वामनराव हेडाऊ, निवृत्त अर्जनवीस (कायद्याचे शब्द यांचे)
साक्षीदार: पार्वतीबाई मेश्राम, शेजारीण

६. हे कलम सह्यांखाली आहे, कारण करामत कागद खालून वाचतो. दोन्ही साक्षीदारांनी यालाही सही केली आहे. मले पुढं ठेवल्यावर नियाज वळून विचारेल, "इजाजत आहे?" उत्तर करामतनंच द्यावं. त्याच्या मुलानं, साहिलनं, मधे बोलू नये, कमिटीनं तर नाहीच. नुसती मान हलवली तर नियाजनं पुन्हा विचारावं.