पास्कोचे चार हर्ट्झ

कडायना, सोमवार

ती. दाजींना मर्विनचा नमस्कार. ताईचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या पोर्ट पिरीला उकाडा असणारच. इथे तर माश्यासुद्धा सावली शोधतायत. मी आणि थेल्मा, आम्ही दोघं खुशाल आहोत. मी आमचा हौशी रेडिओवाल्यांचा क्लब सोडला, एवढंच नवीन.

कारण अर्थातच क्लाइव्ह पास्को (तोच, ताईच्या लग्नात स्वतःच्या अँटेनावर भाषण ठोकणारा). आमची दर वर्षीची स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहे. पास्को घरून सिग्नल सोडतो आणि त्याची नेमकी फ्रिक्वेन्सी आम्ही आपापल्या यंत्रावर मोजायची. त्यासाठी या गृहस्थाने परदेशातून एक कपाटाएवढं यंत्र मागवलंय, जुन्या गाडीच्या किमतीचं. त्याला कुणी हात लावायचा नाही, नुसतं बघून धन्य व्हायचं! मी मात्र टेलिफोन एक्स्चेंजच्या भंगारातला एक स्फटिक उचलला (त्याच्या कंपनांवरूनच फ्रिक्वेन्सी मोजतात), थेल्माच्या जुन्या स्वेटरात गुंडाळला आणि बिअर थंड ठेवायच्या पेटीत बसवला, म्हणजे त्याला ऊन-थंडीची बाधा नको. उपग्रहांकडून अचूक वेळ घेऊन तो स्वतःला सुधारत राहतो (पास्कोला हे आयुष्यात जमलेलं नाही). त्याचा अँटेना अंगणातल्या कपडे वाळवायच्या फिरत्या खांबावर लावलाय. उपग्रह हरवला की पेटीवर लाल दिवा लागतो. स्पर्धेच्या आठवड्यात तो सारखा लागलेला होता. दिवाच बिघडलाय म्हणून मी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

निकालाच्या शनिवारी माझा आकडा पास्कोच्या आकड्यापेक्षा चार हर्ट्झनी वेगळा आला. हॉलमध्ये बाकीची अकरा डोकी होती, पण त्यांतल्या निम्म्यांना हर्ट्झ कशाशी खातात हेही माहीत नाही. मी हातातली खिमा भरलेली पेस्टी खाली ठेवली आणि म्हणालो, "क्लाइव्ह, तुझ्या त्या कपाटाचा पेस्ट्या गरम करायला तरी उपयोग होतो का रे?" तर तो म्हणतो कसा, "मर्व, लेका, पेटी उघडून बघ. आत एखादी बिअर राहिली असेल." सगळे फिदीफिदी हसले. मी तिथल्या तिथे कागदाच्या ताटलीवर राजीनामा लिहिला आणि सेक्रेटरीच्या हातात दिला. तीस वर्षं रोज सकाळी सातला आम्ही दोघं रेडिओवर भांडत आलो, तेही बंद केलं. आता सकाळी इतकी शांतता असते की विचारू नका. मजेत आहे मी.

तुमचा,
मर्विन

ता. क. काल थेल्मा सहज म्हणाली, "अहो, खांबावरचं ते छत्रीसारखं बोंड तुमचं आहे होय? त्या आठवड्यात मी त्याच्यावरच ओली ब्लँकेटं वाळत घातली होती." मी चिकटपट्टी काढून पाहिली. दिवा विझलेला होता. म्हणजे दिवा कधीच बिघडला नव्हता, ब्लँकेटांखाली उपग्रहच हरवला होता.

ता. ता. क. तुमच्याकडेही रेडिओचा परवाना आहेच. एका सकाळी सातला आमच्या फ्रिक्वेन्सीवर या आणि बोलता बोलता पास्कोला सांगा की त्याचं यंत्र बरोबर होतं. तुमचं स्वतःचं मत म्हणून सांगा. माझं नाव नको (मी ऐकत असेन).

आणखी एक. तो गाढव अजूनही रोज सातला मला एकदा हाक मारतो, उत्तराची वाट बघतो आणि मग सेट बंद करतो. मी मोजलंय, बरोबर साठ सेकंद थांबायचा. आज बावन्नच थांबला. दाजी, हे पत्र हाती पडेल त्याच्या दुसऱ्याच सकाळी बोला.