आजोबांच्या विहिरीचं पान

कामतघर, भिवंडी
१४ डिसेंबर २००८

चि. कुणाल,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत, अंबाडीत तुम्हीही बरे असाल. तुझ्या भाविकचा खोकला गेला का? त्याला अडुळशाचा काढा दे आणि बर्फाचे गोळे बंद कर.

फोनवर तू "ताई, गिऱ्हाईक आहे" म्हणून तीनदा माझं बोलणं तोडलंस. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

आधी माझा संताप ऐकून घे. सातवीच्या वर्गाला मी सामाजिक शास्त्राचा प्रकल्प दिला होता, 'आपल्या परिसरातलं जुनं पाणी'. विहीर, तळं, झरा, काहीही एक निवडा. नेटवरून माहिती घेतलीत तर तीन प्रश्न विचारा, असं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं? महिनाभर घसा कोरडा केला. आणि चौतीस मुलांपैकी एकोणीस जणांनी काय आणलं? आपल्या गावच्या विहिरीचं नेटवरचं पान! तू बनवलेलं. तीच निळी अक्षरं, तोच तुळशीराम आजोबांचा फेट्यातला फोटो. एका कागदावर तर सायबर कॅफेवाल्याच्या चहाच्या ग्लासाचा गोल उमटला होता. पोरांनी वर आपापली नावं घातली आणि पिना मारल्या, झाला प्रकल्प.

मी तरातरा त्या कॅफेत गेले. तो म्हणतो, "मॅडम, बच्चे आके बोलते, पानी का प्रोजेक्ट दो. मराठी में एक ही पेज आता है, मैं निकाल के देता हूँ." वर मलाच विचारतो, "गलत है क्या?" मी त्याला नको नको ते बोलले. शोधून वाचायचं सोडून पोरांपुढे वाढलेलं ताट ठेवतोस म्हणाले. शाळेत परत आले तर तिथेही डोकं तापलं. संगणक दोन, आणि दोन्हींवर बारा महिने प्लास्टिकचं कव्हर, धूळ बसू नये म्हणून! मुलांना शोधायला शिकवायचं कुठे, माझ्या डोक्यावर?

एकच वही वेगळी होती, मैनाची. ती यादवदादांची मुलगी. यादवदादा आपल्याच गावच्या बौद्धवाडीतले, आता इथे पॉवरलूमवर कामाला आहेत. मैनानेही आपलीच विहीर निवडली होती, पण कॅफेत न जाता तिने आजीला विचारलं, कमळाबाईंना. तिने लिहिलं होतं, "विहीर खणली तेव्हा माझी आजी चौदा वर्षांची होती. तिने मुरमाच्या पाट्या वाहिल्या. पाणी लागल्यावर तिला काठावर चढू देत नव्हते."

त्याखाली लाल शाईत माझा शेरा आहे. "ऐकीव माहिती. नेटवर पडताळून पाहा." दहापैकी दोन गुण. त्या एकोणीस जणांना प्रत्येकी सात.

पोरगी रडली नाही, खरंच पडताळायला गेली. पानाच्या तळाशी तुझा नंबर आहे. तिने पीसीओवरून तुला फोन लावला. काय म्हणालास तिला, आठवतं? "माझ्या ताईनं लिवलंय. ती शिक्षिका हाय. चुकीचं कशाला लिवंल?"

दुसऱ्या दिवशी ती भर वर्गात उभी राहिली. "बाई, कोणी लिहिलं ते कळलं. तुम्हीच लिहिलंय. कधी?"

"आमच्या आजोबांच्या तसबिरीच्या अनावरणाचा कार्यक्रम होता, तेव्हा."

"आणि कशावरून?"

कुणाल, एकवीस वर्षं शिकवतेय मी. फळ्याकडे वळले, खडू हातात घेतला. घंटा झाली म्हणून सुटले.

जागा आजोबांची, पैसे आजोबांचे, हे खरंच आहे. ते कोणी नाकारत नाही. पण "विहीर सर्व जातींसाठी खुली केली" हे वाक्य माझं. आबांना आपल्या वडिलांबद्दल तसं हवं होतं आणि मलाही ते भाषणात शोभेलसं वाटलं. टाळ्या पडल्या. तू भाषणाचे कागद माझ्याकडून नेलेस आणि जसेच्या तसे नेटवर चढवलेस. कॅफेवाल्याला मी ताट वाढण्यावरून झापलं, पण त्या ताटातलं अन्न माझ्याच हातचं होतं.

मला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. मी सहा वर्षांची होते, तुझा जन्मही झाला नव्हता. आजीबरोबर विहिरीवर जायचे. कमळाबाई कळशी ठेवून लांब उभ्या राहायच्या आणि आजी वरून पाणी ओतायची, अर्धं मातीत जायचं. एकदा मी त्यांची कळशी उचलायला धावले, तर आजीने पाठीत धपाटा घातला आणि घरी नेऊन मला डोक्यावरून अंघोळ घातली. हे मला लख्ख आठवतं. भाषण लिहितानाही आठवत होतं.

परवा त्यांच्या चाळीत गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून "तब्येत कशी आहे" एवढंच निघालं. कमळाबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या. म्हणाल्या, "तू ती विनी ना? माज्यापायी तुला धपाटा बसला व्हता. ध्यानात हाय माज्या." मग मला तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "मंग पोरीला दोनच मार्क का दिलंस गो?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी मैनाचे गुण बदलले. शेरा मात्र तिने खोडू दिला नाही. "राहू दे, बाई. कोणी लिहिलं ते कळू दे," म्हणाली.

तू म्हणतोस, गावात आजोबांचं नाव जाईल. अरे, ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांचं नाव कुठे गेलं, हे आपल्या घरात कधी कुणी विचारलं का? पान काढून टाकू नकोस, काढलंस तर ते नव्हतंच असं होईल. ते वाक्य खोड, खोडलेलं दिसू दे, आणि त्याखाली मैनाचं लिहिणं कमळाबाईंच्या नावासकट घाल. शनिवारी शाळेत प्रदर्शन आहे. तोवर तू केलं नाहीस, तर तुझं पान आणि मैनाची वही मी शेजारी शेजारी लावणार आहे. आबांना सांग, संक्रांतीला बोलावलं नाही तरी तिळगूळ पाठवीन.

आणि तळाशी, तुझ्या नंबराच्या वर, एवढं घाल. पत्राखालची सहीही हीच समज.

कोणी लिहिलं: विनिता, तुळशीरामांची नात.
कधी: चार वर्षांपूर्वी, टाळ्यांसाठी.
कशावरून: डोळ्यांनी उलटं पाहिलं होतं, तरीही.