अकरापर्यंत मोजून

ता. ९ नोव्हेंबर

चि. चिंग्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या हवामान केंद्रावर टपालाची गाडी पंधरवड्यातून एकदाच चढते, म्हणून बातमी आधी सांगते, खुशाली नंतर. मी साठ किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं आहे. हस बाबा. हसून झालं की पुढे वाच. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, तलावाभोवतीच्या बारा किलोमीटरच्या रस्त्याला पाच फेऱ्या, नऊ तासांची मुदत. मुदत चुकली तर पदक नाही आणि यादीत नावही नाही.

आईचं म्हणणं असं, की सत्तेचाळिसाव्या वर्षी बायका गुडघ्यांना तेल लावतात आणि तू ते झिजवायला निघालीस. पण चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत वीस वर्षं उभ्याने काचा घासून माझ्या पायांचे ओंडके झाले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि चालता चालता मी पळायला कधी लागले ते मलाच कळलं नाही. आता दुकान उघडायच्या आत कालव्याच्या रस्त्याने पळून येते. हो, आपल्याच रस्त्याने. पंपघराची भिंत अजून उभी आहे. तू हात लावून वळायचास तिथला गिलावा मात्र पडला.

शेवटच्या फेरीला सोबत एक माणूस पळू शकतो, असा नियम आहे. माझ्या मनात एकच माणूस आहे. अण्णा गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत तू घरी दोनदा आलास, तेही पाहुण्यासारखा बॅग न उघडता. बघ जमतंय का. आईचा आशीर्वाद या पत्रातच आहे, वेगळा मागू नकोस.

तुझी,
ताई

ता. २४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी इतका मोठ्याने हसलो की आमचा स्वयंपाकी हातातलं उलथनं घेऊन धावत आला. समोरून बस निघाली तरी दुसरी येईल म्हणून उभी राहणारी आमची ताई, आणि म्हणे साठ किलोमीटर! इथे माझं पळणं म्हणजे दर तीन तासांनी बाहेर जाऊन वारा, तापमान आणि ढग वहीत लिहायचे आणि शेगडीपाशी परत यायचं. पोट माझ्या आधी दाराबाहेर पडतं.

पण पत्र वाचल्यापासून त्या सकाळी डोळ्यांपुढून हलत नाहीत. पुलाशी तू, गळ्यात घड्याळ, अंगात अण्णांचा स्वेटर, बाह्या गुडघ्यापर्यंत आणि नाक गळतंय. तू ‘पळ’ म्हणायचीस आणि मी सुटायचो. साडेसातशे मीटरवर पंपघराशी अण्णा, मी भिंतीला हात लावतो की नाही ते बघायला. सायकलच्या दांडीला त्यांचे खांबावर चढायचे आकडे लटकलेले, कारण तिथूनच त्यांना वीज कंपनीच्या कामावर जायचं असे. मी परत आलो की मागून ते येणार, तुझ्या हातातलं घड्याळ वाचणार आणि मिशीतल्या मिशीत हसणार. मग थर्मासच्या झाकणातून तिघांनी एकच चहा प्यायचा. पहिला घोट माझा, कारण मी त्यांचं हरीण. तेवढा सुखाचा चहा मी पुन्हा प्यायलो नाही, ताई.

तुला दोन गोष्टी सांगतो. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळ, आणि ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेव. सोबतीचं मात्र मला विचारू नकोस. कालव्यावर माझी वेळ होती चार मिनिटं एकवीस सेकंद. राज्य स्पर्धेत त्याच अंतराला चार मिनिटं तीस लागली आणि मी शेवटून तिसरा आलो. पंधराव्या वर्षी ऐन वेळी कच खाल्ली ती खाल्लीच. परतीच्या बसमध्ये अण्णा अवाक्षर बोलले नाहीत आणि पुढे जन्मात मला हरीण म्हणाले नाहीत. असला भित्रा सोबती घेऊन तू काय करशील?

आईस नमस्कार. रागावू नयेस, ही विनंती.

तुझा,
चिंग्या

ता. १५ डिसेंबर

चि. चिंग्यास,
अनेक आशीर्वाद.

थंडीने कहर मांडला आहे. पहाटे धुकं इतकं, की माझेच हात मला पाहुण्यांचे वाटतात. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. आईने ते बघितलं आणि तेलाची बाटली माझ्या उशाशी आणून ठेवली. मागच्या रविवारी चौतीस किलोमीटर झाले. पाच तास एकटीने पळताना माणसाला स्वतःशीच बोलावं लागतं, आणि मी स्वतःशी जे बोलले ते आज तुला सांगते आहे. तीस वर्षं सांगायचं होतं, पण धीर झाला नाही.

वेळ तुझी नव्हती, चिंग्या. माझी होती. त्या हिवाळ्यात एकदा तुझी वेळ वाईट आली होती, तेव्हा अण्णा चहा अर्धाच टाकून गेले. तू झाकण हातात धरून बसलास. दुसऱ्या दिवशी मी ‘पळ’ म्हटलं आणि घड्याळ लगेच दाबलं नाही. मनात तीनपर्यंत मोजलं आणि मग दाबलं. तू पाठमोरा, अण्णा लांब, कोण बघणार? अण्णा हसले, तू हसलास, मला वाटलं किती सोपं आहे. मग तीनाचे पाच झाले, पाचाचे आठ. स्पर्धा जवळ आली तेव्हा मी रोज अकरापर्यंत मोजत होते. त्याच आकड्यांवर विसंबून अण्णांनी तुझं नाव पाठवलं.

बसमध्ये मी तुमच्या मागच्या बाकावर होते. तेव्हा तोंड उघडलं असतं तर? पण अण्णांची पाठ बघूनच माझी दातखीळ बसली. तुझं पळणं मी मोडलं, आणि तू घरापासून दूर राहतोस त्याचं मूळही मीच आहे. आता तू आला नाहीस तरी मी बोल लावणार नाही. पत्र मात्र लिही, शिव्यांचं असलं तरी चालेल.

तुझी,
ताई

ता. १८ जानेवारी

चि. चिंग्यास,
आईचे आशीर्वाद.

माझं अक्षर हल्ली कुत्र्याचे पाय मांजराला असं झालं आहे, तरी लिहिते, कारण महिना उलटून गेला आणि तुझ्याकडून दोन गाड्या रिकाम्या आल्या. तुमचं काय बिनसलं ते मला कोणी सांगत नाही. सांगूही नका. तुमची भांडणं निवडत बसले असते तर माझा जन्म त्यातच गेला असता.

पण तिचा गुडघा सुजला आहे. डॉक्टरांनी दहा दिवस पळू नको म्हणून सांगितलंय, तर घुबडासारखी खिडकीत बसून राहते. दुकानात एका गिऱ्हाइकाची काच उलटी घासून ठेवली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला तिचं ते पळणं आधी पटत नव्हतं, पण पळून आली की तिच्या तोंडावर जे तेज यायचं ते आता नाही, आणि मला करमत नाही. तुझ्या अण्णांनी रागाच्या भरात गप्प बसून या घराचं पुष्कळ नुकसान केलं. तो गुण तू उचलू नकोस. दोन ओळी खरड.

तुझी,
आई

ता. ३० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी खरं सांगतो. तुझं पत्र मी चुरगाळून शेगडीशेजारी फेकलं होतं. स्वयंपाक्याने ते सपाट करून माझ्या उशीखाली ठेवलं. दोन गाड्या मी मुद्दाम रिकाम्या पाठवल्या. मला राग होता तो अण्णांना काहीच न कळता ते गेले याचा. अजूनही थोडा आहे. तो ठेवतो, चालेल ना?

मग एका दुपारी तापमान लिहिता लिहिता हात थांबला. बेरीज इतकी सोपी होती की मी ती करत नव्हतो. एकवीस सेकंद आणि तुझे अकरा, म्हणजे कालव्यावरची माझी सगळ्यात चांगली वेळ चार मिनिटं बत्तीस. आणि मैदानात? चार मिनिटं तीस! ताई, मी कच खाल्ली नव्हती. त्या दिवशी मी जन्मात पळालो नव्हतो इतका जोरात पळालो होतो, आणि आपण तिघं तोंडं पाडून बसमध्ये बसलो होतो. बाकीची पोरं माझ्यापेक्षा चांगली होती, एवढंच. तीस वर्षं मी स्वतःला भित्रा समजत आलो. भीती वाटेल असं काम घेतलं नाही, गमावायची भीती वाटेल असं माणूस जवळ केलं नाही, आणि तुमच्या डोळ्यांत ते दिसेल म्हणून घरी आलो नाही.

बेरीज झाली त्या दुपारी बर्फात वारा मोजायच्या खांबाभोवती मी धावत सुटलो. स्वयंपाक्याला वाटलं, आता याचं डोकं फिरलं. तेव्हापासून रोज धावतो आहे. माझ्या जागी येणारा माणूस वेळेवर आला आणि रस्ता उघडा राहिला, तर शेवटच्या फेरीला मी उभा आहे. गुडघ्याला जप. आईला सांग, दोन ओळींऐवजी दोन पानं झाली.

तुझाच,
चिंग्या

ता. ४ मार्च

चि. चिंग्यास,
उदंड आशीर्वाद.

केंद्रावर परत जाताना वाटेतून टाकलेली तुझी चिठ्ठी पोचली. सहा वेळा माफी मागितली आहेस. मी मोजली.

आता माझं ऐक. चौथी फेरी संपवून मी आले तेव्हा माझ्याकडे बारा मिनिटं जास्तीची होती, हे खरं. तू स्वयंपाक्याचे बूट घालून पाण्याच्या टेबलाशी उभा होतास, पोट आत ओढून, हे त्याहून खरं. तुला बघून मला रडू आलं आणि त्यातच पहिली दोन मिनिटं गेली. मग तू बोलत सुटलास. अण्णांच्या नकला केल्यास, आणि त्या हसण्यात माझी पावलं दर किलोमीटरला अडखळत गेली. आठ किलोमीटर आपण पळत होतो की लहान होत होतो, कोण जाणे. मग तुझ्या कुशीत कळ आली. तू मला पुढे जा म्हणालास, हात जोडलेस, शेवटी ओरडलासही. मी कठड्यावर तुझ्या शेजारी बसले. चिंग्या, मी विसरून बसले नव्हते. घड्याळाकडे बघून, समजून उमजून बसले होते. पदकासाठी चार महिने पळाले खरी, पण तुला तिथे एकट्याला सोडून ते गळ्यात घालायला माझी मान तयार नव्हती.

कळ ओसरल्यावर आपण दोघं शेवटच्या रेघेपर्यंत पोचलो, आणि तू बूट काढून बसला होतास तेव्हाचं तुला माहीत नाही. नोंदीच्या टेबलावरचे गृहस्थ भले माणूस. म्हणाले, चारच मिनिटांचा तर प्रश्न आहे, आठ तास एकोणसाठ लिहितो, कोण विचारतंय. पदकही पुढे केलं. माझा हात वळवळला, खोटं कशाला सांगू? पण मी त्यांना सांगितलं, की जी वेळ झाली तीच लिहा: नऊ तास चार मिनिटं. ते म्हणाले, मग यादीत नाव येणार नाही. मी म्हटलं, नको येऊ दे.

काल दुकानात एक आजोबा चष्मा घ्यायला आले. मी लंगडत का चालते, असं त्यांनी विचारलं. साठ किलोमीटर पळाले म्हटलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नंबर कितवा आला ते विचारलं. नंबरच नाही, मुदत चुकली, माझ्यामागे कोणी उरलंच नव्हतं, असं मी सांगितलं. इतक्या तोऱ्यात मी आजवर काहीच सांगितलेलं नाही.

आईने तुझी खोली झाडून ठेवली आहे. माया आहेच, ती टपालाच्या गाडीवर सोडू नकोस, स्वतः घेऊन ये.

तुझी,
ताई