साहेब येणार म्हणून धुतलेली विहीर

ओढ्याकाठची वस्ती,
कोल्हारजवळ, जि. अहिल्यानगर

चि. जास्मिन (हे घरातलं) आणि माननीय क्षेत्र अधिकारी मॅडम (हे ऑफिसातलं, वाचताना जिथे बसली असशील त्याप्रमाणे एक धरावं, दुसरं सोडावं) हिला शलमोनमामाचा सप्रेम सलाम. प्रभू तुला सुखात ठेवो.

आमचं इकडे बरं चाललंय. तुझ्या मार्थामामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि आता तिला छताच्या कोपऱ्यातली जळमटं दिसू लागली आहेत, ती मला काढावी लागतात. तुझे गुडघे कसे आहेत? कारखान्यांच्या धुराड्यांवर चढून हवेचे नमुने घ्यावे लागतात म्हणून दुखतात, असं तुझी आई फोनवर म्हणाली. एवढं शिकवलं ते धुराड्यावर चढायलाच का, असंही म्हणाली, पण ते तुला सांगू नको असं तिने बजावलंय म्हणून सांगत नाही. पत्र कशाला, मोबाईल नाही का, असं तू म्हणशील. आहे. पण मोबाईलवर मी काहीही लिहिलं तरी तू त्याला एक पिवळा अंगठा दाखवतेस. मागे शेजारची गोजरबाई वारली हे कळवलं तेव्हाही अंगठाच दाखवला होतास. म्हणून हे पत्र.

तर हकिगत आक्काबाईच्या विहिरीची. आक्काबाई तुला आठवत असेल. लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा तिच्या विहिरीवर दिवसभर पडून असायचीस आणि ती तुला धपाटा घालून ताक पाजायची (आधी धपाटा, मग ताक, हा क्रम तिने कधी चुकवला नाही). त्या विहिरीचं पाणी अख्खी वस्ती प्यायची. मंदिरातली पूजा त्याच पाण्यावर आणि आमच्या चर्चमधला बाप्तिस्माही त्याच पाण्यावर, त्यामुळे त्याबाबतीत आमच्यात कधी भांडण झालं नाही. पुढे ओढ्यापलीकडे स्पिरिटचा कारखाना आला. मळीचं उरलेलं पाणी साठवायला त्यांनी मोठं तळं खणलं, पण तळाला घालायचं प्लास्टिकचं अस्तर काही त्या तळ्यापर्यंत पोहोचलं नाही. हळूहळू आक्काबाईच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं. आधी पाहुण्यांना देतात तसा पातळ चहा, मग घरच्यांचा कडक. वास तर असा की म्हैस पाण्याजवळ यायची, आक्काबाईच्या तोंडाकडे बघायची आणि परत जायची.

कारखाना बंद व्हावा असं इथे कुणालाच वाटत नाही, हे आधी लिहून ठेवतो. अर्ध्या वस्तीच्या चुली त्याच्यावर पेटतात. आक्काबाईचा मुलगा अंगद तिथेच टँकर चालवतो. तिचं म्हणणं एवढंच होतं की त्यांचं पाणी त्यांनी त्यांच्या तळ्यात धरून ठेवावं, तिच्या विहिरीत पाठवू नये. तिने सांगितलं, मी लिहिलं, तिने अंगठा केला (हा खरा अंगठा, तुझ्या मोबाईलमधला नव्हे) आणि तक्रार तुमच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली. तुमचं मंडळ म्हणजे जिल्हाभर कारखाने, वीटभट्ट्या, दवाखान्यांचा कचरा, नगरपालिकांची गटारं, आणि एवढ्या सगळ्यांच्या मागे धावायला मोजकी माणसं. मला वाटलं होतं, आमच्या विहिरीची पाळी यायला माझ्या नातवंडांना नातवंडं होतील. पण चक्क निरोप आला. साहेब येऊन पाण्याचा नमुना नेणार.

आता इथून पुढचं तू जरा सावकाश वाच आणि मध्येच हसू नकोस. मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. साहेब येणार, हे दोन शब्द कानावर पडले की माझे हात आपोआप झाडू शोधतात. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही भिंतींना चुना देत असू, पोरांची नखं कापत असू, शेजारच्या शाळेतून फुलांच्या कुंड्या आणून ठेवत असू (आणि त्यांच्या तपासणीला आमच्या कुंड्या जात, दोन्ही शाळांत मिळून कुंड्यांचा संच एकच होता). साहेबांना वर्ग कसा आहे ते दाखवायचं नसतं, वर्ग कसा असू शकतो ते दाखवायचं असतं, असं मीच नव्या शिक्षकांना सांगत आलो. सरपंच सहादेव तर माझा विद्यार्थी. तो म्हणाला, गुरुजी, साहेब एवढ्या लांबून येनार आन अशी घान बघनार, गावाची लाज जाईल. मला ते पटलं. सगळ्या वस्तीला पटलं.

मग आम्ही विहीर धुतली. मोटर लावून सगळं पाणी उपसलं, पोरांनी खाली उतरून गाळ काढला, तो ओढ्यात लोटला (ह्याबद्दल नंतर बोलू). कडेच्या दगडांवरचं शेवाळ खराट्याने घासून काढलं. कालव्याच्या पाण्याचे टँकर आणून ओतले आणि वर ग्रामपंचायतीची पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली. आक्काबाईने अंगण सारवून रांगोळी घातली. सगळं झाल्यावर ती काठावर येऊन वाकली, तर तळ दिसत होता. किती वर्षांनी दिसला म्हणून ती रडायला लागली. तिने पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी प्यायलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरजी, लई गोड लागतंय." खरं सांगतो, त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की आपण काय करून बसलोय. आम्ही सगळे खूश होतो. मार्था घरी होती आणि जळमटं बघत होती, हे आमचं दुर्दैव.

साहेब आले. तरुण, अबोल, कामाला वाघ. दोरीने बाटली सोडली, पाणी काढलं, बाटलीला चिठ्ठी लावली, सील केलं, बर्फाच्या पेटीत ठेवलं. मग वर बघून विचारलं, पाणी नेहमी असंच असतं का? आणि जास्मिन, माझ्यातला हेडमास्तर माझ्या आधी बोलला. हात मागे बांधून मी म्हणालो, "होय साहेब, नेहमीच." आयुष्यभर त्या प्रश्नाला तेच उत्तर दिलेलं, ते तोंडातून निघून गेलं. आक्काबाईने माझ्याकडे पाहिलं. मी ओशाळून काहीतरी सारवासारव करू लागलो, पण साहेब म्हणाले, आजोबा, आम्ही ऐकीव लिहीत नाही, पाण्यात जे निघेल तेच लिहितो. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांचा पाण्यावर विश्वास, आणि पाण्याला खोटं बोलायला आम्ही शिकवलेलं.

अहवाल आला. विहिरीचं पाणी निर्दोष. शिवाय खाली एक पुरवणी: विहिरीलगत उघड्यावर प्लास्टिकसह कचरा जाळताना आढळले, ग्रामपंचायतीला नोटीस देण्यात येत आहे. सफाईचा कचरा आम्ही तिथेच पेटवला होता. सोबत पुरावा म्हणून फोटो जोडलाय. त्यात काठीने जाळ ढोसणारा आणि कॅमेऱ्याकडे बघून हसणारा इसम म्हणजे तुझा मामा (मला वाटलं, साहेब पेपरला देण्यासाठी काढतायत, म्हणून मी टोपीही नीट केली). म्हणजे आक्काबाईच्या तक्रारीवरून मंडळाने जी काही कारवाई केली, ती सगळी माझ्यावर. कारखान्याच्या मॅनेजरने वस्तीत पेढे पाठवले. फार सभ्य माणूस आहे. अहवालाची प्रत त्याने गेटवर काचेच्या पेटीत लावलीय.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे आणि वस्ती हसलीसुद्धा. पण पंधरवड्याच्या आत ओढ्याकडून झिरपून विहीर पुन्हा चहाची झाली, आणि आता ते कुणाला सांगायची सोय उरली नाही. कारण कागद म्हणतो, पाणी चांगलं आहे. मग आक्काबाई खोटं बोलली, एवढाच अर्थ राहतो. कामावर लोक अंगदला चिडवतात, तुझ्या आईला आमच्या स्पिरिटचा वास कसा काय ओळखता येतो म्हणून. त्याला रागही येतो आणि नोकरीही हवी आहे. त्याने आईला सांगितलंय की येत्या ग्रामसभेत उठून म्हण, माझी चूक झाली, तक्रार मागे घेते. ती माझ्याकडे आली होती. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. म्हणाली, "गुरजी, तुमी पानी चांगलं केलं आन मला खोटी केलं." घोटभर पाणीही न पिता गेली. तेव्हापासून आमच्या घरी तिच्याकडून ताक येत नाही.

मी तेव्हापासून एकच विचार करतो. घाण कारखान्याची, मग लाज आम्हाला का वाटली? दवाखान्यात जाताना आम्ही नवे कपडे घालतो, पण डॉक्टरने विचारलं तर दुखतं कुठे ते तरी सांगतो. साहेबापुढे मात्र आमचं काहीच दुखत नाही. आम्हाला वाटतं, सरकार म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यासमोर फाटकी गोधडी टाकायची नसते. तुमच्या मंडळाने आणखी कितीही यंत्रं आणली तरी आमची ही खोड कुठल्या यंत्रात दिसायची? हे मी तुला उपदेश म्हणून लिहीत नाही. मला फार वाईट वाटतं, म्हणून लिहितो.

बाकी सर्व कुशल. वस्तीतले सगळे तुझी आठवण काढतात. गुडघ्यांना तीळतेल लाव.

तुझा,
शलमोनमामा

ता. क. खरं काम असं की आमचा तालुका तुझ्याच ऑफिसच्या हद्दीत येतो. ग्रामसभेच्या आधी पुन्हा नमुना घेतला जाईल असं बघ. आणि न सांगता यायचं. सरपंचाला नाही, ग्रामसेवकाला नाही, मलासुद्धा कळवायचं नाही. मामा म्हणून नव्हे, तक्रारदाराचा लेखनिक म्हणून विनंती करतो.

ता. क. दुसरा. तोवर तुला अंदाज यावा म्हणून विहिरीच्या पाण्याची एक बाटली पत्रासोबत पाठवतोय. असा नमुना चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण टेबलावर ठेव. बाटली सरबताची आहे, पण काळजी नसावी, मी ती गरम पाण्याने आणि डेटॉलने तीनदा धुतली आहे. पाण्यात बराच गाळ होता, तुझ्या ऑफिसात बरं दिसणार नाही म्हणून दुहेरी फडक्यातून गाळून भरलंय.

ता. क. तिसरा. न सांगता ये, पण आदल्या दिवशी नुसता एक अंगठा पाठव. अंगण झाडून ठेवायला बरं.

जास्मिन बाळा, मामीचा सलाम. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाटली मी काढून घेतली, त्यातलं पाणी आता आपल्या नळापेक्षा चांगलं दिसतंय. यांना अंगठा-बिंगठा काही पाठवू नकोस. गुरुवारी हे दाढ दाखवायला राहुरीला जातात, तेव्हा ये. आक्काबाईला मी एवढंच सांगितलंय की जास्मिनला कळवते. त्या दिवसापासून ती तक्रार मागे घेण्याचं नाव काढत नाही. विहिरीचा एक हंडा जसा आला तसा भरून तिने ओट्यावर ठेवलाय. सारा ओटा वासाने भरलाय, अंगद ओतून टाक म्हणतो, पण ती कुणाला हात लावू देत नाही. म्हणते, पोरगी माझं ताक पिऊन मोठी झालीया, तिनं वास घेतल्याबिगर मी सभेत उठनार न्हाई.