पालथं घमेलं

जालना
१८ जानेवारी १९९४

ती. कडूबामामा,

पायावर डोकं ठेवतो. तुमी म्हणले असाल, इंद्रभान मिस्त्री झाला अन् आपल्याला इसरला. तसं न्हाई मामा. लिहायला बसलो की भलतंच लिहिलं जायचं, मंग कागद फाडून टाकायचो.

इकडं सगळं बराबर हाय. तुमच्या सूनबाईची, उषाबाईची मान धरल्ती, आता मोकळी झाली. पोरगी सायकल शिकून राह्यली, रोज गुडघे फोडून घेती. तीर्थपुरीला तुरीच्या शेंगा आल्या असतील तर कुणासंगं थोड्या धाडा. इथल्या शेंगांना चव न्हाई.

मोंढ्याजवळ तीन मजल्याचं काम घेतलंय. दुसऱ्या स्लॅबला मालकानं पुरणपोळीचं जेवण दिलं, पण मला तुमच्या हाताखाली केलेला अंकुशनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांचा स्लॅब आठवत राह्यला. तुमी सगळ्यांच्या आधी माल कालवणाऱ्या बायांना वाढायला लावलं होतं. म्हणले, "वरचा लई मिरवतो, पण खालून माल आला न्हाई तर काय हवेत थापी मारल?" त्यातल्या आशाबाईला हसता हसता ठसका लागला होता. तसं जेवण पुन्हा कुठं झालं न्हाई.

अन् तुमची ती घमेल्याची रीत. सकाळी पायाडाच्या बांबूंवर चढायच्या आधी ज्याचं मन जाग्यावर न्हाई, त्यानं आपलं घमेलं पालथं घालून त्यावर बसायचं. त्या दिवशी त्यानं खालचं काम करायचं, विटा भिजवायच्या, वाळू चाळायची. हजेरी पुरी. अन् का म्हणून कुणी विचारायचं न्हाई. आपल्यातला धर्मराज एकदा नुसता आळसानं बसला, तर तुमी त्याला दिवसभर हौदाचं पाणी ओढायला लावलं. पुन्हा बसला का बेटा? जयवंतामामी गेल्यावर तुमी स्वतः बसले, तेव्हा मात्र आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुमी एवढंच म्हणले, "आज मी विटा भिजवतो."

मामा, आमच्या कामावरचा सर्जेराव पायाडावरून पडला. दिवाळीच्या आधीची गोष्ट हाय. जिता हाय, पण कंबर मोडली. मी त्याच्या बाजूलाच होतो. हात लांबवला, तर हातात नुसता त्याचा गमछा आला.

तवापासून पायाडावर एक पाय ठेवतो अन् परत खाली घेतो. जेवण जात न्हाई. उषाबाईनं लिंबू उतरवून झाले. मी गड्यांना वर धाडतो अन् खाली उभा राहून वाळूच्या गाड्या मोजल्यावाणी करतो. मिस्त्रीच भेला म्हणल्यावर वर कोण चढल? काम जाईल, अन् दुसरं मला काय येतं?

आज सकाळी बद्रीनाथला वर जा म्हणलो अन् त्याच्या तोंडाकडं बघितलं. पांढरंफटक पडलं होतं. मला माझीच लाज वाटली. मी घमेलं पालथं घातलं अन् सगळ्यांसमोर बसलो. या गड्यांना तुमची रीत ठाऊक न्हाई, त्यांना वाटलं मिस्त्रीला चक्कर आली. मंग सांगितलं. म्हणलो, सर्जेराव पडल्यापासून मला वर भेव वाटतं.

कुणी हसलं न्हाई. बद्रीनाथनं, एवढ्या आडदांड गड्यानं, आपलं घमेलं आणून माझ्या शेजारी पालथं घातलं. "मला बी, मिस्त्री," म्हणला. त्याच्यामागून आणखी दोघं बसले.

मालक आला. म्हणला, "हे काय, संप हाय का?"

म्हणलो, "न्हाई शेठ, आज विटा भिजवून राह्यलो."

सांजच्याला सगळे मिळून सर्जेरावला भेटायला गेल्तो. मला इतके दिवस तिथं जाववत नव्हतं. तो म्हणला, "गमछा आणला का माझा?" मंग मी रडलो, तो बी रडला. बरं वाटलं.

उद्या बी मी खालीच बसणार. एकच विचारायचं हाय, मामा. मामी गेल्यावर तुमी पुन्हा वर कधी चढले, ते मला आठवत न्हाई. तेवढं कळवा.

तुमचा, सध्या जमिनीवरचा,
इंद्रभान