ट्रकाच्या नावाला ओ देणाऱ्यास

बाबा, मांद्र्याला ज्या गेस्ट हाउसमध्ये मी रिसेप्शनवर बसतो, तिथे पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी झालं की दर रविवारी दुपारी शिकलेली चार माणसं राक्षस मारायला बसतात. टेबलावर फासे असतात, प्रत्येकापुढे लॅपटॉप असतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर नकाशा असतो. प्रत्येकाने एक सोंग घेतलेलं असतं. कोणी योद्धा, कोणी चेटकीण. सोंगाची ताकद किती, हत्यारं कुठली, पिशवीत काय आहे, हे सगळं लॅपटॉपवरच्या एका पानावर लिहिलेलं असतं. त्याला कॅरॅक्टर शीट म्हणतात. पानाच्या डोक्यावर सोंगाचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्याखाली एक लहान चौकोन, खेळणाऱ्या माणसाचं नाव लिहायला. तू कधी पत्तेसुद्धा खेळला नाहीस, तेव्हा तुला हे सांगून काही उपयोग नाही. पण त्या खालच्या चौकोनाशी तुझा संबंध आहे.

खेळ चालवतो मालकाचा मुलगा. बापाने बांधलेल्या खोल्यांच्या भाड्यावर जगतो आणि स्वतःला विधाता म्हणवतो. वरच्या मजल्यावर बंगळूरचं एक कॉम्प्युटरवालं जोडपं राहतं; समुद्र बघायला आले आणि दिवसभर पडदे ओढून बसतात. चौथा म्हापशाचा दातांचा डॉक्टर. तो शनिवारीच येऊन खोली घेतो, कारण घरी बायको त्याला हा खेळ खेळू देत नाही. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटणारा पोक्त माणूस रविवारी फासा हातात खुळखुळवत सांगतो, "हांव फाटल्यान वचून वार करतां," म्हणजे मी मागून जाऊन वार करतो. फासा वाईट पडला की तो खरोखर रुसतो, आणि त्याचा रुसवा जावा म्हणून मला गोल पावाचं उंडो-ऑम्लेट करून आणावं लागतं. ही ती माणसं, ज्यांच्यासारखा हो म्हणून तू मला शाळेत घातलं होतंस. मी बारावीला शाळा सोडली त्याचं मला पूर्वी वाईट वाटायचं.

वरच्या चौकोनात माणसाने वाटेल ते लिहावं, तो त्यासाठीच आहे. खालच्या चौकोनात तरी खरं लिहावं की नाही? डॉक्टरने तिथेही 'रक्तदंत' लिहून घेतलं, सोनेरी अक्षरांत. बाईला तिच्या लाडक्या नावाच्या दोन्ही बाजूंना जाळाची चित्रं हवी होती. तिच्या नवऱ्याला फक्त एक अक्षर हवं होतं, बाकीचं म्हणे गूढ राहू दे. हे सगळं करून द्यायचं काम माझं, कारण त्या चौघांत सेटिंग उघडून वाचायचा धीर एकालाही नाही. चौकोनात नाव आपोआप येतं, ज्या खात्यातून पान उघडलं त्या खात्याचं. ते नको असेल तर आधी तो दुवा तोडायचा, मग हाताने नाव टाइप करायचं, मग रंग, मग अक्षरांचा आकार. मी प्रत्येक नाव आधी कागदावर लिहून घेतो, मग टाइप करतो, मग शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचून तपासतो. 'रक्तदंत'सुद्धा मी उलटं वाचून तपासलं. मूर्खपणा असला तरी तो माझ्या हातून चुकीचा लिहिला जाऊ नये.

पूर्वी त्यांच्यात पाचवा, पुण्याचा एक मुलगाही होता; तो नोकरीसाठी परत गेला आणि त्याचं सोंग रिकामं पडलं. ओरगाल नावाचा, कुऱ्हाड घेऊन फिरणारा एक ठेंगू. मालकाच्या मुलाने मला हाक मारली, "यो रे, बस. ओरगालाक कोण ना." मी रिसेप्शनच्या खात्यातून पान उघडलं आणि खालच्या चौकोनात आपोआप आलं: रिसेप्शन.

मी म्हटलं, "इथे माझं नाव घालतो."

"तुजें नांव कित्याक जाय थंय?" तो म्हणाला. "तूं हांगाच आसा न्हय? दिसता सगळ्यांक."

बाबा, सगळ्यांना दिसतोस तर नाव कशाला हवं, हे ऐकलं आणि मला पाळी गावची खाण आठवली. मी तेव्हा पाचवीत असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू मला ट्रकात घालून नेलं होतंस. सगळीकडे लाल धूळ, झाडांची पानंही लाल. खनिज भरायच्या जागी ट्रकांची रांग लागली आहे आणि पत्र्याच्या छपराखाली बसलेला एक माणूस ओरडतोय, "गरुड, फुडें घे!" मी इकडेतिकडे बघतो. तू खिडकीतून डोकं काढून म्हणतोस, "ओ!" ट्रकाच्या कपाळावर 'गरुड' रंगवलेलं होतं, म्हणून तू गरुड. पुढच्या ट्रकावर 'आईचा आशीर्वाद', म्हणून तो बेळगावचा ड्रायव्हर आशीर्वाद. गरुडावर बसायच्या आधी तू दुसऱ्या ट्रकावर होतास आणि तिथे तू 'जलपरी' होतास, हे त्या आशीर्वादानेच मला हसत हसत सांगितलं. सगळे हसले. तूही हसलास.

परतताना मी तुला विचारलं की त्यांना आपलं नाव का सांगत नाहीस. तू म्हणालास, "नाव घराक ठेवून इलंय रे. हयसर धुळीत तां खराब जायत."

असली वाक्यं तुला बरी सुचायची. गोवा राज्य झालं त्या वर्षी तू दोडामार्गाकडून इकडे आलास. लोक कोकणी की मराठी म्हणून भांडत होते तेव्हा तू म्हणे सांगायचास की आपणांक काय, ट्रकाला भाषा नसते. आई हे कौतुकाने सांगते. मला त्यात कौतुकाचं काही दिसलं नाही. ज्याला भांडायचं नसतं त्याला वाक्यं सुचतात, इतकंच. पत्र्याखाली बसलेल्या त्या माणसाला तुझं नाव शिकायचा कंटाळा होता, आणि तू त्याचा कंटाळा सांभाळलास. त्या दिवसापासून माझ्या मनात तुझ्याबद्दल जे होतं त्याला आदर म्हणता येणार नाही.

मग छातीचं दुखणं घेऊन तू पेडण्याच्या घरी पडून राहिलास. तुझ्या जागी दुसरा कोणी ट्रकावर बसला आणि त्याच दिवसापासून तो गरुड झाला. हे आम्हांला तू गेल्यावर कळलं. तू गेलास त्या दिवशी खाणीवरची माणसं जीप करून निघाली, आणि पेडण्याच्या बाजारात येऊन विचारत बसली, गरुडाचं घर कुठलं. किराणामालाच्या पसऱ्यावर विचारलं, भुसाऱ्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. कोणाला माहीत असणार? एकाने त्यांना गरुड आडनावाच्या माणसाच्या शोधात पार दुसऱ्या वाड्यावर पाठवलं. ती पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन दारात पाय धूत होतो. आशीर्वादाच्या हातात झेंडूचा हार होता आणि तो कुठे घालायचा ते त्याला कळत नव्हतं. तो आईपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, रागवू नका. त्यांचं नाव काय होतं हो? स्टँडवर फळ्यावर लिहायचंय."

आईने तुझं नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिची रीत. डॉक्टरकडेसुद्धा ती 'ह्यांचा' म्हणून बोटाने दाखवायची. त्या दिवशीही तिने घेतलं नाही. पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झिला, तू सांग." मी सांगितलं. नाव, तुझ्या वडिलांचं नाव, आडनाव, शाळेत हजेरीला सांगावं तसं. आशीर्वाद एकदा ते पुटपुटला, त्याने मान डोलावली, आणि बाजूच्या माणसाला म्हणाला, "गरुड माणूस चांगला होता."

पुढे मामाबरोबर मी तुझा डबा आणि टॉवेल आणायला पाळीला गेलो तेव्हा तो फळा अजून पुसला नव्हता. वर मोठ्या अक्षरांत गरुड. खाली, खडू संपत आल्यासारखं बारीक, तुझं नाव. तिथेच बाजूला गरुड ट्रक उभा होता, नवा ड्रायव्हर काच पुसत होता, आणि कोणीतरी हाक मारली, "गरुड!" त्याने ओ दिली. मामा दचकला. मी नाही दचकलो. मला फक्त किळस आली.

तेव्हा 'दिसता सगळ्यांक' या उत्तरावर मी गप्प बसणार नव्हतो. मी दुवा तोडला आणि चौकोनात नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, माझं, मग तुझं, मग आडनाव. चौकोन लहान, तुझ्या नावापर्यंत मावलं आणि आडनाव बाहेर गेलं. तुला काढलं असतं तर सहज बसलं असतं. मी अक्षरं बारीक करत गेलो, इतकी की आपण तिघेही आत आलो. उलटं वाचून तपासलं आणि पान बंद केलं.

रविवारी टीव्हीवर सगळी पानं उघडली. मालकाचा मुलगा डोळे बारीक करून म्हणाला, "हें कितें, रेशन कार्ड?"

बाई हसली. डॉक्टरला आणखी चेव आला. "तुजो बापूय लेगीत खेळटा?" त्याने विचारलं. "त्याका सांग, फासो बरो मार."

तुझा बाप पण खेळतो का. मी ऑम्लेट आणलं, खेळ संपवला, फासे मोजून डबीत भरले. मग त्या आठवड्यात सवड काढून मी चौघांचे चौकोन उघडले. सोनेरी रंग काढला, जाळ काढला, गूढ अक्षर काढलं, मालकाच्या मुलाचं 'विधाता' काढलं. खोल्या घेताना या लोकांनी ओळखपत्रं दिलेली असतात, ती माझ्याकडेच असतात. त्यावर होती तशी नावं मी घातली, बापाच्या नावासकट, काळ्या रंगात, माझ्याइतक्याच बारीक अक्षरांत. मालकाच्या मुलाचं तर मला पाठच होतं, त्याच्या बापाचं नाव दारावरच्या पाटीवर आहे. एकही चूक केली नाही.

पुढच्या रविवारी कोणी हसलं नाही. डॉक्टर स्वतःचं नाव असं बघत होता जणू बायकोच दारात येऊन उभी राहिली आहे. बाई हिंदीत म्हणाली, "माझ्या वडिलांचं नाव इथे कसं आलं? मी त्यांच्याशी बोलत नाही." मी म्हटलं, "कार्डावर आहे." मालकाचा मुलगा उठला आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. आवाज न चढवता म्हणाला, "पयलीं तें काड. मागीर उलोवया. बाबाक सांगलें जाल्यार तुजी नोकरी उरची ना, कळ्ळें मरे?"

मला कळलं, त्याच्या बापाला सांगितलं की माझी नोकरी गेली. नोकरी जाण्याची मला रोज भीती वाटते; कुलूप लावलेलं दार मी परत येऊन ओढून बघतो, असा माणूस मी. तरी म्हटलं, "काढतो. माझं राहणार."

तो खांदे उडवून म्हणाला, "उरूं दी. कोण वाचता?"

मी आत येऊन सोनं परत चढवलं, जाळ परत लावला. चौघांची तोंडं परत पहिल्यासारखी झाली आणि खेळ सुरू झाला. माझं नाव राहिलं. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नाही, पण मालकाच्या मुलाचं खरं ठरलं. त्यानंतर आजवर तो चौकोन कोणी वाचलेला नाही. टेबलावर सगळे मला ओरगाल म्हणतात. ओरगाल, दार फोड. ओरगाल, पुढे हो. ओरगाल, चहा आण.

काल मी पेडण्याच्या बाजारात होतो. आईने बांगडे सांगितले होते. एका हातात ती पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. बस स्टँडकडून गाडीचा हॉर्न वाजला आणि डॉक्टरचा आवाज आला, "ओरगाल!" भर बाजारात. आणि बाबा, मी "ओ" म्हणून वळलो. विचार करून नाही. मान आपोआप वळली, तोंडातून ओ आपोआप गेली. मासेवालीने मान वर करून बघितलं. डॉक्टर गाडीतून हात हलवत होता, त्याला काही काम नव्हतं, फक्त ओळखीचा माणूस दिसला म्हणून हाक मारली होती. मी छत्रीच्या हाताने हात हलवला. त्या माणसाबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो मूर्खच आहे. पण घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं, आणि हे मी आईला सांगितलं नाही.

नाव घरी ठेवून आलोय, हे तुझं वाक्य मी अजूनही पळवाटच समजतो. माणसाने आपलं नाव सांगावं, समोरच्याला शिकायला लावावं, या मताचा मी आहे आणि राहीन. फक्त हे कागद घालायला आता पाकीट घेतलं आणि वर नाव लिहायची वेळ आली. तुझं पूर्ण नाव कसं लिहायचं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तरी मी गरुड लिहिलं, आणि पाकीट रिसेप्शनच्या खणात, ओळखपत्रांच्या खाली ठेवून देतोय. तू आता जिथे आहेस तिथे, पेडण्याच्या घरी ठेवलेल्या नावाने हाक मारली तर तू ओ देशील, याची मला खात्री वाटली नाही.